म्हायत नाय डॉक्टर

लालबागच्या आमच्या चाळीत डॉक्टरला एक गोष्ट माफ नव्हती, ती म्हणजे "मला माहीत नाही" असं म्हणणं. आणि आमचे डॉक्टर ते दिवसभर खुशाल म्हणत. पेशंट सुईच्या आशेने दंड उघडून बसलेला, आणि हे चष्मा पुसत सांगणार, "कशामुळे दुखतंय, मला माहीत नाही. परवा या, तोवर विचार करतो." चाळीने आपल्या मालवणी बोलीत त्यांचं नाव 'म्हायत नाय डॉक्टर' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावायचं सोडून स्वारी खूश झाली. "खरं तेच म्हणतात की," म्हणाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी विशीतली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली. घसा धरल्याचं निमित्त झालं आणि रोज दिवेलागणीला हुडहुडी भरून ताप यायला लागला. सकाळी ताप गायब, पण मनगटं आणि गुडघे सुजलेले. हातात खडू धरवेना. चाळीने निदान करून टाकलं, क्षय! दुसऱ्या एका डॉक्टरने तर क्षयाच्या इस्पितळात ठेवा म्हणून वडिलांना सांगितलंही. तिथे गेलेली मुलगी बरी होऊन आली तरी तिची नोकरी आणि ठरणारं लग्न परत येत नाही, हे वडील जाणून होते.

आमचे डॉक्टर सकाळी घरी येत आणि माझं एकेक पेर भाजीवाल्याकडची भेंडी निवडावी तसं दाबून बघत. छातीचा फोटो, थुंकी, रक्त, सगळं त्यांनी तपासून घेतलं. मग वडिलांना म्हणाले, "क्षय नाही, टायफॉइड नाही, एवढं कळलं. काय आहे ते मला माहीत नाही. पण पोरीला इस्पितळात पाठवू नका." वडिलांचा चेहरा एवढासा झाला.

एकदा सकाळी जमलं नाही म्हणून ते दुपारी आले, आणि खाली रस्त्यावर दगडफेक सुरू झाली. संचारबंदी पुकारली गेली. डॉक्टर राहायला गिरगावात. ते आमच्याच खोलीत अडकले. कोट काढून चहा पीत बसले. दिवेलागणीला मला ताप चढला. आईने डॉक्टरांनी तापावर दिलेल्या गोळ्यांची पुडी रोजच्यासारखी न उघडताच फळीवर सारली, माझ्या अंथरुणात कडुलिंबाचा पाला पसरला आणि मला गळ्यापर्यंत पांघरलं.

"वहिनी, हा पाला कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "डॉक्टरानू, देवी इलीहा. ती आसा तवसर औषद देवचा नाय."

रोज तापाबरोबर माझ्या पोटावर आणि दंडांवर फिकट गुलाबी पुरळ उठायचं, सकाळपर्यंत मावळायचं. आईने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही बोलू दिलं नव्हतं. देवीची कागाळी डॉक्टरकडे कशी करायची?

डॉक्टर रागावले नाहीत. बॅटरी लावून त्यांनी ते पुरळ निरखून पाहिलं. "रोज संध्याकाळी येते आणि सकाळी जाते? वहिनी, देवी एवढ्या खेपा घालत नाही हो." आईलाही हसू आलं. मग तिच्या शेजारी बसून त्यांनी पुरळ कधी, कुठे, किती, सगळं विचारून घेतलं.

पुढे आपल्या जुन्या प्राध्यापकांशी बोलून आले आणि मला म्हणाले, "संध्याकाळचा ताप, पुरळ आणि सुजलेले सांधे, असं दुखणं लहान मुलांत लिहिलेलं आहे. तुझ्यासारख्या घोडीला ते कसं झालं, मला माहीत नाही. पण औषध आहे."

आधी ॲस्पिरिनचे मोठे डोस झाले, त्यांनी कानात गुणगुण व्हायची. ते पुरेना, तेव्हा नव्याने आलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. ताप उतरला आणि माझा चेहरा पुरीसारखा फुगला. चाळ म्हणाली, पोरगी सुधारली! मीठ बंद, सुकटही बंद. कोकणी घरात याहून मोठी शिक्षा नाही. ताप गेला म्हणून आई गोळ्या बंद करायला निघाली, तेव्हा मात्र डॉक्टर चिडले. "एकदम बंद केल्यात तर पोर हातची जाईल! मी सांगेन तशाच कमी करायच्या. नाहीतर तुमच्या दारात सत्याग्रहाला बसेन." मध्ये ताप एकदा उलटला. त्या दिवशी आमच्याहून तेच जास्त खचलेले दिसले. मला त्यांचा फार लळा लागला होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात माझी शेवटची गोळी संपली. डॉक्टर आले तेव्हा आई नळावर धुणं धूत होती. त्यांनी तिचं ओलं लुगडं मागून घेतलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. "पीळ," म्हणाले. मी भीत भीत पिळायला लागले. मनगट दुखलं नाही. मग जोर लावला. त्यांच्या बुटांवर पाणी गळत होतं, पीळ घट्ट होत होता, आणि टोक सुटलं ते त्यांच्या हातून. "बस्स, पोरी! म्हाताऱ्याचा हात मोडशील!" एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते झोपेतच गेले. चाळीतले पुरुष गिरगावला निघाले. बायकांनी जायची रीत नव्हती, तरी मी गेले. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा पुढे झाले आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. मला कुणी बाजूला हो म्हटलं नाही.