धार सगळ्यांसमोर

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी बाजारात एका माणसाशी भांडत होतो. गाय तिसऱ्या वेताची आहे असं तो पोराबाळांची शपथ घेऊन सांगत होता आणि मी तिच्या शिंगावरची, दर वेताला एक वाढणारी वळी त्यालाच मोजायला लावत होतो. फोनवरचा आवाज म्हणाला, "गाई-म्हशींच्या त्या ग्रुपचे ॲडमिन तुम्हीच ना? उद्या सकाळी ठाण्यात या. फौजदार साहेबांनी बोलावलंय."

"कशासाठी?"

"आल्यावर कळेल."

मी जनावरांचा व्यापारी आहे. लोक तोंडावर शेठ म्हणतात, पाठ फिरली की हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, म्हणतात. मला दोन्ही चालतं. चालत नाही ते एवढंच, की भाव आधी न सांगता कुणी मला बोलावून घ्यावं. त्या दिवशी उरलेला बाजार मी नुसता खेकसत केला.

त्या ग्रुपवर माझा जीव का आहे, हे कळायला थोडं मागचं सांगावं लागेल. नागापूरच्या एमआयडीसीत मी हेल्पर होतो. ओव्हरटाइम करून पैसे साठवले आणि पहिली गाय घ्यायला बाजारात गेलो. आमच्याकडच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही, आणि सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. माझ्या गाईची कास टम्म होती. घरी आणली, धार काढली, खूश झालो. दुसऱ्या दिवशी दूध निम्म्यावर आलं. विकणाऱ्याने बाजाराच्या आधी तिची धारच काढली नव्हती, म्हणून कास फुगली होती.

पुढच्या बाजारी मी त्याच जागी गेलो. विकणारा नव्हता, पण बघे तेच होते. मी विचारलं, "तुमाला ठाऊक हुतं का?"

एक म्हातारा बिडी पेटवत म्हणाला, "व्हय की. समद्यांनाच ठाऊक हुतं."

"मग बोलला का न्हाई?"

"रुमाल पडल्याव कोन बोलतंय व्हय?"

ज्याने फसवलं त्याचा चेहरा मला आज आठवत नाही. त्या म्हाताऱ्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

पुढे मीच या धंद्यात पडलो आणि मोबाईल आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता रुमाल उचलता येईल. मी एका मोठ्या परदेशी कंपनीच्या साइटवर पेज काढलं. गाय दाखवायची ती धार काढतानाच, आधी रिकामी बादली उलटी करून, मधे व्हिडिओ न तोडता. कोपरगावच्या उसाच्या पट्ट्यातून आणि खर्ड्याच्या कोरड्या रानातून लोक बघायला लागले. खाली कुणीही लिहावं, मागच्या डाव्या थानाची धार बारीक आहे, पायाला सूज आहे, गाय बुजते. विकणारे चिडायचे. मीही चिडायचो. पण तिसरा माणूस बोलत होता.

एके दिवशी पेज गायब. कारण काय, तर प्राण्यांची खरेदी-विक्री कंपनीच्या नियमात बसत नाही. जगात सगळीकडे हाच नियम, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मुलीकडून त्याचा अर्थ लावून घेतला आणि तिच्याकडूनच अर्ज केला की, बाबांनो, आमच्याकडे गाय विकणं म्हणजे वाघाचं कातडं विकणं नव्हे, सरकारी बाजारात दाखल्यावर विकतो, कानात बिल्ला असतो. अर्ज पाठवून तिने फोन खाली ठेवला नाही तोच उत्तर आलं, नामंजूर. कुणी माणसाने वाचला असेल यावर माझा विश्वास नाही.

माझ्याबरोबर म्हशींचा धंदा करणारे एक चाचा आहेत, शहरातले, माझ्याहून वयाने बरेच मोठे. त्यांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "म्हंजे बेटा, सात समुद्रापल्याड बसून त्यो आपल्या म्हशीची फिकीर करतो, आन हितं पशुवैद्य चार येळा बोलवूनबी येत न्हाई!"

काही व्यापाऱ्यांनी पळवाट काढली. 'विकणे आहे' असं लिहायचं नाही, 'लक्ष्मीला नवीन घर हवंय' असं लिहायचं. मला ती लबाडी जमली नाही. गाय विकतोय तर विकतोय म्हणेन. मी पेजचा नाद सोडला आणि मोबाईलवर ग्रुप काढला. नियम तेच. धार सगळ्यांसमोर, आणि बोलायची मुभा सगळ्यांना.

आता ठाण्याचं प्रकरण. त्याआधीच्या आठवड्यात शहरात कुठल्याशा पोस्टवरून तणाव झाला आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. फोन लागत होते, बाकी सगळं ठप्प. धार दाखवता येईना, पैसे पाठवता येईनात. चाचांच्या गल्लीत बंदोबस्त, ते घरातच. त्या काळात बीडकडच्या एका सभासदाने आमच्या ग्रुपवर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला मारामारीचा व्हिडिओ टाकला आणि खाली चाचांच्या समाजाबद्दल नको ते लिहिलं. त्याचं नेट चालू होतं, माझं बंद. नेट आलं तेव्हा मी तो व्हिडिओ बघितला. त्याखाली सोलापूरच्या, पुण्याकडच्या लोकांनी त्याला झाडून घेतलं होतं. एकाने लिहिलं होतं, "हितं शेण चालतं, पण गाईचंच. तुझं घिऊन जा." मी त्या माणसाला काढलं, व्हिडिओ पुसला. पण तोवर कुणीतरी त्याचा फोटो काढून पोलिसांकडे पोचवला होता.

चाचा म्हणाले, मी बरोबर येतो. मी नको म्हणालो. म्हणाले, "तू एकटा गेलास तर आत तोंड चालवशील आन भायेर यायचा न्हाईस."

फौजदार तरुण होते, बोलायला सभ्य. ग्रुपची सगळी माहिती त्यांच्याकडे होती. म्हणाले, "आक्षेपार्ह मजकूर तुमच्या ग्रुपवर दोन दिवस होता. ॲडमिन म्हणून का काढला नाही?"

"साहेब, नेट बंद होतं."

"ते मला माहीत आहे."

"बंद तुमीच केलं हुतं."

चाचांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"जिल्हा प्रशासनाने केलं होतं. शांततेसाठी."

"मग काढायचा कशानं? बैलगाडीनं बीडला जाऊन?"

फौजदार हसले नाहीत. त्यांनी एक छापील हमीपत्र पुढे सरकवलं. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग करायचं, पुढील आदेशापर्यंत.

मी विचारलं, "पुढील आदेश कधी?"

"सांगता येत नाही."

"कोन देनार?"

"वरून येईल."

मी आयुष्यात हजारो सौदे केलेत. मुदत नसलेल्या कागदावर कधी अंगठा टेकवला नाही, सही तर लांबच. पण सौदा मोडायचा नव्हता, म्हणून मी माझ्याकडून द्यायला लागलो. म्हणालो, चार ॲडमिन करतो, त्यातले दोन जिल्ह्याबाहेरचे, म्हणजे तुम्ही इथलं नेट तोडलं तरी ते घाण काढतील. मान डोलली. म्हणालो, नवा माणूस घेताना त्याच्या गावच्या दोघांची ओळख घेईन. तेही पटलं. म्हणालो, जनावरांशिवाय काहीही टाकलं की माणूस बाहेर. फौजदार म्हणाले, "छान. आणि सेटिंग बदला."

"ते न्हाई."

"अहो, विचार करा. फक्त तुम्हीच बोलणार, बाकीचे ऐकणार. धंद्याला तुमचाच फायदा आहे."

खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला ते दिसलं. बाकीचे गप्प. मी दाखवीन ती गाय, मी सांगेन ते दूध. असा परवाना लोक पैसे देऊन मिळवतात आणि इथे सरकार फुकट देत होतं. त्यामुळेच माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. आवाज चढला होता, बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"साहेब, सगळ्यांचं तोंड बंद आन एकाचंच उघडं, ह्यालाच आमच्यात फसवनूक म्हनतात. बाजारात नियम असू द्या, मी पाळतो. दाखला मागा, बिल्ला बघा, ज्यानं घाण टाकली त्याला धरा. पर बघनाऱ्याला बोलू नको म्हनून सांगायला मी हितं आलो न्हाई."

"आवाज खाली करा," फौजदार म्हणाले.

"खाली करतो. सही करत न्हाई."

चाचा तेव्हा पहिल्यांदा बोलले, अगदी हळू. "साहेब, ह्याचं डोकं गरम हाय. पर एक सांगतो. त्या व्हिडिओखाली लोकांनी त्याला शिव्या घातल्या, म्हनून मला माझ्या घरात बसून जरा बरं वाटलं. मागनं वाचलं, पर बरं वाटलं. तोंड बंद असतं तर नुसता व्हिडिओच ऱ्हायला असता."

फौजदारांनी छापील हमीपत्र मागे ओढून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या शब्दांत लिहून द्या." मी कोऱ्या कागदावर लिहिलं, कबूल केलेलं सगळं, आणि शेवटी, ग्रुप उघडा राहील. त्यांनी वाचलं, घेतलं आणि बजावलं, "पुन्हा काही झालं तर नोटीस नाही, सरळ गुन्हा दाखल होईल. पहिलं नाव तुमचं." मी म्हणालो, "टाका."

घरी बायको म्हणाली, "तुमाला काय पडलंय? समदे घरी बसून दूध काढत्यात, कोर्टाच्या फेऱ्या तुमी मारनार." तिचं चुकत नाही. टीव्हीवर सांगतात, देशोदेशीचे लोक एकत्र बसून इंटरनेटवर कुणी कसं वागायचं ते ठरवणार आहेत. ठरवा. पण जिथे ठरवता तिथे बाजारातला एक माणूस बोलवा. त्याला बसायला खुर्ची नसली तरी चालेल.

त्याच आठवड्यात मी माझी एक गाय ग्रुपवर थेट दाखवायला घेतली. बादली उलटी करून दाखवली, धार सुरू केली. कोपरगावकडचं गिऱ्हाईक भाव जवळपास कबूल करून बसलं होतं. तेवढ्यात खर्ड्याच्या एका पोरसवदा गवळ्याने लिहिलं, "शेठ, पुढचं उजवं थान परत दाखवा. गाठ वाटती."

मी त्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. त्याने उलट लिहिलं, "शिव्या नंतर द्या, थान दाखवा." लोक हसायला लागले. मी कॅमेरा जवळ नेला. गाठ होती. लहान, पण होती. कोपरगावच्या माणसाने भाव खाली आणला, आणि कितीही घासाघीस केली तरी तो वर चढला नाही. त्या गवळ्याचा राग माझ्या मनात आजही आहे. ग्रुपवर तो गवळीही आहे.