मेश्राम मॅडमची रिकामी नळी

आमच्या लॅबमधली जुनी माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी कोणीतरी म्हणतं, "ते मटण मार्केटवालं सांग ना!" एक किस्सा निघाला की बाकीचे आपोआप मागे येऊन उभे राहतात. इतकी वर्षं झाली, पण साठा काही संपत नाही.

नागपूर, सत्तरचं दशक, आमचा बायोकेमिस्ट्रीचा विभाग. मेश्राम मॅडम माझ्या गाइड. मेंदूत तयार होणारं एक हार्मोन मेंदूतच कुठेतरी जाऊन बसतं, असं मॅडमचं म्हणणं. ती बसायची जागा म्हणजे रिसेप्टर. तो त्यांना दाखवून द्यायचा होता. प्रोजेक्टचं शेवटचं वर्ष होतं. रिसेप्टर दिसला नाही तर ग्रँट बंद, लॅब बंद आणि माझी पीएचडी अधांतरी. असं सगळं असताना आम्ही इतके हसायचो कसे, कोण जाणे!

*

प्रयोगाला बकऱ्याचा मेंदू लागायचा, तोही ताजा. मॅडम कडक इस्त्रीची साडी नेसून, हातात बर्फाचा थर्मास घेऊन, सकाळी सकाळी स्वतः मटण मार्केटमध्ये जायच्या. मी मागे मागे, नाकाला पदर लावून. तिथल्या चाचांची पक्की समजूत होती, की बाईंची खानावळ आहे. हळद किती घालायची, कांदा किती परतायचा, सगळं ते न विचारता सांगायचे.

एकदा दुसऱ्या गिऱ्हाईकाने कुरकुर केली, की सगळा भेजा या बाईंनाच का देता? चाचा माझ्याकडे बोट दाखवून कळवळून म्हणाले, "क्या करें भाई, मॅडम रोज भेजा ले जाती हैं, फिर भी बच्चों को पूरा नहीं पड़ता!"

मॅडमनी हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मला चेहरा लपवायला जागा राहिली नाही.

*

मेंदूचं काम सगळं थंड खोलीत. मे महिन्यात बाहेर नागपूर भाजून निघत असायचं आणि आम्ही आत स्वेटर घालून कुडकुडत बसायचो. संध्याकाळी स्वेटर काखेत मारून घरी निघायचं, की शेजारच्या काकू फाटकातच धरायच्या. "काय वं शैला, डोकं फिरलं का तुझं? या उन्हात स्वेटर काहून?"

एक दिवस मी काही बोलायच्या आत आईनेच ओट्यावरून उत्तर दिलं, "तिच्या मॅडमकडे हिवाळा सुरू आहे."

*

नामदेवराव आमचे लॅब अटेंडंट. मूळचे कुहीचे, तोंडाने फटकळ आणि मनाने लाख माणूस. एकदा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज काय शोधून राहिल्या, ते मले एकदा समजावून सांगा बरं."

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "असं बघा नामदेवराव, हार्मोन म्हणजे पाहुणा. रिसेप्टर म्हणजे त्याच्यासाठी मांडलेला पाट. आम्ही पाहुण्याला किरणोत्सर्गाची खूण लावून सोडतो. तो कुठे बसला, ते मशीन मोजतं. मग बिनखुणेचे त्याचेच शेकडो भाऊ सोडायचे. पाट मोजकेच. भावांनी गर्दी केली की खुणेवाल्याला जागा उरत नाही, आणि मशीनचा आकडा धाडकन खाली येतो. आला, तरच पाट खरा."

नामदेवरावांनी मान डोलावली. "समजलं. माह्या साळ्याच्या लग्नात मी नवरदेवाकडचा असून उभ्यानं जेवलो."

*

मग तो दिवस आला. मशीनवर भलामोठा आकडा! पाहुणा बसला होता! मॅडम कधी कुणाला चहासुद्धा पाजायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी नामदेवरावांना बर्डीच्या बाजारात पिटाळलं आणि सगळ्या विभागाला संत्रा बर्फी वाटली.

दुसऱ्या दिवशी बिनखुणेचे भाऊ सोडले. आकडा हलेना. दुप्पट सोडले, तरी तसाच. शेवटी मॅडमनी मेंदू न घालता, नुसत्या रिकाम्या काचेच्या नळीत खुणेचं हार्मोन ओतून, धुऊन मोजलं. आकडा तेवढाच! हार्मोन काचेलाच चिकटत होतं.

विभागप्रमुख येऊन म्हणाले, "अभिनंदन मॅडम, नळीलाही मेंदू असतो तर!"

मी वजनकाट्याच्या खोलीत जाऊन भडाभडा रडले. बाहेर आले, तर मॅडम स्वतः नळ्या घासत होत्या. म्हणाल्या, "नळी खोटं बोलली नाही शैला. आपण तिला आधी विचारलंच नाही." त्या दिवसापासून नियम झाला. प्रत्येक प्रयोगात एक रिकामी नळी, कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला. तिने साक्ष दिल्याशिवाय आनंद करायचा नाही.

*

मॅडमच्या या नियमातून माझं लग्नही सुटलं नाही. मुलाकडचे बघायला आले, तेव्हा त्या आमच्या घरी हजर होत्या. मुलाच्या आईने विचारलं, "पोहे मुलीनेच केले का?"

"हो," मॅडम म्हणाल्या, "पण नुसत्या तिच्या पोह्यांवरून काय कळणार? मुलालाही करू द्या. तुलनेला काहीतरी पाहिजे की नाही?"

आई गारच पडली. मुलगा मात्र हसत हसत उठला आणि स्वयंपाकघरात गेला. त्याचे पोहे माझ्यापेक्षा चांगले झाले. मी तिथेच होकार दिला. रविवारचे पोहे आजही तेच करतात.

*

काचेवर उपाय सापडला तो दुधाचा. नळ्या आधी दुधाच्या पावडरच्या पाण्याने विसळायच्या. काचेवर दुधाचा थर बसला, की हार्मोनला चिकटायला जागा नाही. चहासाठीची सगळी दूध पावडर नळ्यांना गेली आणि विभागप्रमुखांना महिनाभर कोरा चहा प्यावा लागला. मला ते फार आवडलं.

*

ग्रँटचा निर्णय घ्यायला दिल्लीहून तज्ज्ञ आले. गंभीर माणूस, पाणीसुद्धा नको म्हणाले. मॅडमनी त्यांनाच मशीनसमोर बसवलं. पहिल्या नळीत मेंदू आणि खुणेचं हार्मोन. आकडा मोठा आला. दुसऱ्या नळीत बिनखुणेचे भाऊही होते. आकडा धाडकन खाली! मी नामदेवरावांचा हात घट्ट धरला. तज्ज्ञ उठून हात पुढे करत म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स!"

मॅडमनी हात दिला नाही. "बसा सर. अजून रिकामी नळी राहिली आहे."

ती आत गेली. आकडा आला, नसल्यासारखाच.

मॅडम खाली बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नामदेवराव, आता बर्फी आणा."

नामदेवराव गेले आणि सुतळीने बांधलेले दोन डबे घेऊन परतले. एक त्यांनी टेबलावर ठेवला, दुसरा मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी सुतळी सोडून झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"हे काय?"

"कंट्रोल," नामदेवराव म्हणाले.