वरून सोडलेली वायर

वरच्या मजल्यावरच्या जोशींनी विजेवरची गाडी घेतली, तेव्हा पेढा खाताना मी मनातून जळत होतो. सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग द्यायला नकार दिला, तेव्हा कुठे माझा जीव थंडावला.

पण आता रोज संध्याकाळी जोशीवहिनी गॅलरीतून लांबलचक वायर खाली सोडतात.

"अजून सोड गं!" जोशी खालून ओरडतात.

"पुरली का?"

"पुरली! दाब बटण!"

मग दोघंही उगाचच हसतात, आणि ती वायर माझ्या खिडकीसमोर डोलत राहते.

माझी गाडी पेट्रोलची. पंपावर मुकाट्याने भरते, तिच्यासाठी घरातल्या कुणाला गॅलरीत यावं लागत नाही. काल गाडी लावून मीही खालून बायकोला हाक मारली. ती लगबगीने गॅलरीत आली.

"काय हो, किल्ली विसरलात?"