अठराव्या पानाची जाडी

कोल्हापुरात गुळाचा सौदा ज्यानं पाहिला आहे, त्याला मी काय सांगतो आहे ते लगेच कळेल. घेणारा रव्याचा, म्हणजे ढेपेचा, खडा मोडून जिभेवर ठेवतो आणि कारलं चावल्यासारखं तोंड करतो. ज्याचं तोंड सगळ्यांत वाकडं, माल बहुधा त्याच्याच गाडीत चढतो.

आम्ही जुने नकाशे, ॲटलास, दौती, अडकित्ते घेणारी माणसं ज्या लिलावाला जायचो, तिथंही हीच रीत होती, कारण लिलाव करणारे मालक मूळचे गुळाचे अडते. तो धंदा उतरल्यावर त्यांनी शाहूपुरीतल्या आपल्या गोदामात बंद पडलेल्या घरांतलं जुनं सामान विकायला सुरुवात केली. गोदामाला गुळाचा वास तसाच होता. कागदांवर मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लिलाव आणि आदल्या शनिवारी माल बघायचा दिवस. त्या शनिवारी जी वस्तू हवी आहे तिच्याजवळ कुणी थांबत नसे. नको असलेल्या वस्तूला भिंग लावून बराच वेळ उभं राहायचं आणि हव्या असलेल्या वस्तूला जाता जाता नाव ठेवायचं. "कागद गेलाय याचा." "झाकण मागनं बसवल्यालं दिसतंय." मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग विभागात नोकरी करतो. दिवसभर रेघा बघणारा माणूस, म्हणून नकाशांचा नाद लागला, आणि नादाबरोबर ही रीतही अंगात मुरली. समोरचा बोलेल ते उलटं करून घ्यायचं. घरी बायको "आज आमटी बिघडली" म्हणाली, तरी मला वाटायचं की हिला कौतुक करून हवं आहे. खाल्ल्यावर कळायचं की आमटी खरंच बिघडली आहे.

या सवयीपायी मी एका माणसाचं नाव घालवलं. ते कसं, ते लिहून ठेवायचं आहे.

ते शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर. मला त्यांनी शिकवलं नव्हतं. ओळख लिलावातलीच, पण नऊ वर्षांची. मंगळवार पेठेत राहायचे. ते दौती, टाक, शिक्के असल्या वस्तू घ्यायचे आणि मी नकाशे, त्यामुळे आमच्यात बोलीची चढाओढ नव्हती. पाण्यात भिजवलेल्या कापसानं नकाशाच्या पाठीवरची जुनी खळ कशी काढायची आणि नवी कशी करायची, हे मला त्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात दाखवलं होतं. तरीही त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास होता असं म्हणता येणार नाही. एवढं चांगलं वागणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असणार, असं मला अधूनमधून वाटायचं. काय हवं असेल ते मात्र नऊ वर्षांत सापडलं नाही.

एका जानेवारीत मालकांचा फोन आला. "ॲटलास आलाय मोठा. पुरात भिजल्यालं घर हाय, पन पुस्तक शाबूत हाय. आत आपल्याकडचा नकाशा हाय, कोल्हापुरासकट. बगून जावा."

शनिवारी कामावरून सुटून गेलो तेव्हा चार वाजले होते. ॲटलास सरांपुढं उघडा होता. इतर लोक दूर उभे राहून एका फुटक्या झुंबराचं कौतुक करत होते. सरांनी एक पान अंगठा आणि पहिल्या बोटात धरलं होतं आणि डोळे मिटले होते. खांद्याला त्यांची नेहमीची खादीची पिशवी होती आणि पिशवीतून कागदाची एक गुंडाळी वर आलेली होती.

"कधी आलाय सर?" मी विचारलं.

"झाला की तासभर." त्यांनी डोळे उघडले. "हे अठरावं पान जरा हातात धरून बघ. जाड लागतंय."

मी धरलं नाही. जाड म्हणजे मागाहून छापलेलं, असं त्यांना सुचवायचं असेल, असा मी अर्थ लावला. म्हणजे ॲटलास त्यांनाच हवा आहे. पण सर नकाशे घेत नाहीत. मग यांना तो का हवा? इतक्या साध्या वाक्यावर मी इतका वेळ विचार करत राहिलो.

ते दौतींच्या टेबलाकडं गेल्यावर मी ॲटलासच्या सुरुवातीची यादी काढून पानं मोजली. बत्तीस नकाशे, प्रत्येक कागदाच्या एकाच बाजूला छापलेला, मागची बाजू कोरी. एकोणिसावा आमच्या भागाचा. सतरा होता, अठरा होता, पुढं वीस. एकोणीस नव्हता.

मी शिवणीत बोट घालून पाहिलं. पान कापलं की शिवणीपाशी त्याची बारीक कड उरते. तशी कड नव्हती. शांत डोक्याच्या माणसाला एवढ्यावरून पान कापलेलंच नाही अशी शंका आली असती. मला वाटलं, किती सफाईनं कापलंय. ब्लेड धरायची सवय असलेल्या हाताचं काम आहे. मी सरांच्या पाठीकडं पाहिलं. गुंडाळी पिशवीतून डोकावत होती.

रविवारी लिलाव सुरू व्हायच्या आधी मी मालकांना बाजूला घेतलं.

"एकोणिसावा नकाशा नाही त्यात."

"काय सांगतासा?"

"काल सर तासभर घेऊन बसले होते. मी काही म्हणत नाही, पण..."

"म्हनत न्हाईसा आनि सांगतायसा की," मालक म्हणाले.

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला.

लिलावात मालकांनी गुळाच्या सौद्यात कमावलेल्या आवाजात सांगितलं, "एक पान कमी हाय, तसं सांगून इकतोय." लोकांनी हात आखडले. आमच्या भागाचाच नकाशा नसलेला ॲटलास कोल्हापुरात कोण घेणार? माझ्या दुसऱ्या बोलीवर तो मला मिळाला. सर मागं वळून म्हणाले, "बरं झालं, तुझ्याकडं आला." हेही मी उलटं करून घेतलं.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी मी आधीच पोचलो होतो. सर दारात आले. मालक उठून उभे राहिले. "सर, पिशवी तेवढी हितं ठेवायची."

आत आठ-दहा माणसं होती. निम्म्यांच्या खांद्याला पिशव्या होत्या. पेठ वडगावहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडं तर चाकांची बॅग होती. सरांनी एकेक पिशवी पाहिली, मग त्या चाकांच्या बॅगेकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं. मी फुटक्या झुंबराचे लोलक मोजत होतो. सरांनी पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग उचलली आणि निघून गेले.

"मग काय," वडगावचे व्यापारी म्हणाले, "कर न्हाई त्याला..." पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. पुढच्या महिन्यापर्यंत ती गोष्ट जुन्या वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाली होती.

सर पुन्हा आले नाहीत. हे न येणं मी पुरावा म्हणून धरलं. त्यांचा फोन आला नाही, हाही पुरावाच. एकदा रंकाळ्यावर ते समोरून आले, थांबले आणि "बरा आहेस ना?" म्हणाले, तर मला वाटलं, काय धीट माणूस आहे. त्यांनी तोंड फिरवलं असतं, तरी मी तेच म्हटलं असतं.

जुलैत मी ॲटलास दुरुस्तीला काढला. पुरात भिजून वाळलेला कागद सुरकुततो. तो सरळ करायचा तर झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून दमट हवेत सैल होऊ द्यायचा असतो. अठरावं पान सगळ्यांत जास्त सुरकुतलेलं, म्हणून शिवण सोडवून आधी तेच डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर पानाचा खालचा कोपरा उललेला होता. एका पानाला दोन कोपरे झाले होते. मधल्या फटीतून निळी बारीक रेघ दिसत होती. ती कसली आहे हे कळायला मला नकाशा वाचावा लागला नाही. आमच्याकडच्या नदीचं वळण मी डोळे मिटूनही काढू शकतो.

एकोणिसावा नकाशा अठराव्याच्या कोऱ्या पाठीला चिकटला होता. पुराच्या पाण्यानं चिकटवलं, वर बाकीच्या पुस्तकाचं वजन, तसंच वाळलं. पुढं अठराव्याचा नकाशा, मागं एकोणिसाव्याची कोरी पाठ. बघणाऱ्याला एकच पान. डोळ्यांनी नव्हे, बोटांनीच कळलं असतं. आणि ज्याच्या बोटांना ते कळलं, त्यानं मला तिथल्या तिथं सांगितलं होतं.

मी मालकांना फोन लावला. "तुम्ही तो नकाशा आत बघितला होता का?"

"मी कवा बगितला? यादीत नाव हुतं, ते सांगितलं."

एवढंच विचारायचं जानेवारीत राहून गेलं होतं.

त्यानंतर मी तीन आठवडे काहीच केलं नाही. त्या तीन आठवड्यांत पानं पुन्हा चिकटवून टाकावीत, हा विचारही माझ्या मनात आला. खळ कुठल्या कपाटात आहे ते मला आठवत होतं आणि ती करायला सरांनीच शिकवली होती.

शेवटी एका रविवारी ॲटलास घेऊन मंगळवार पेठेत गेलो. दार सरांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं. "आलासा व्हय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. भिंतीवर एका पतसंस्थेचं कॅलेंडर होतं. खालच्या कडेला गुंडाळीचा बाक अजून गेला नव्हता. जानेवारीत पिशवीतून डोकावणारी गुंडाळी ती होती.

मी सगळं सांगितलं. मालकांशी बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर सुटी झालेली दोन्ही पानं हातात घेऊन ऐकत होते. मधेच एकोणिसाव्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "शाई छान टिकलीय की." मग पुन्हा ऐकायला लागले.

"तुम्हाला कधी कळलं, मी सांगितलं होतं ते?" मी विचारलं.

"पिशवी मागितली तवाच. सगळे माझ्याकडं बघत होते. तू एकटा झुंबराकडं बघत होतास." ते हसले नाहीत. "तुला झुंबर कशाला लागतंय?"

काकू चहा ठेवून गेल्या. माझ्या कपाला बशी नव्हती. ते मुद्दाम होतं की काय, यावर मी विचार करायला लागलो आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

"माझं चुकलं सर. माफ करा."

"मला कशाला सांगतोस? मी नकाशा घेतला न्हाय हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांग."

"सांगतो."

"गोदामात. शनिवारी. सगळे असताना."

ते मला टाळायचं होतं. मालकांना फोनवर सांगून भागेल, असा माझा हिशोब होता. सरांनी तो ओळखला असावा, कारण पानं माझ्या हातात देताना ते पुन्हा म्हणाले, "सगळे असताना."

ऑगस्टच्या शनिवारी मी गोदामात मधल्या टेबलावर ॲटलास उघडून दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली आणि सांगितलं. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं. लोकांनी पानं उलटी-सुलटी करून पाहिली. वडगावचे व्यापारी म्हणाले, "पावणं, म्हंजे अख्खा ॲटलास तुमाला कमी पानाच्या भावात मिळाला की. डोकं चाललंय." मी तसं ठरवून केलं नव्हतं, हे पटवायला माझ्याकडं काही नव्हतं. खालच्या आवाजात दोघं बोलत होते. त्यांचं माझ्याबद्दल काय ठरत होतं ते मी ओळखलं. तसलं मी स्वतः नऊ वर्षं करत आलो होतो.

मालकांनी दोन्ही पानं बोटांत धरून पाहिली. मग म्हणाले, "मी मागितली पिशवी. तुमी नुस्तं अर्धं बोललासा." आणि त्यांनी सरांना फोन लावला.

सप्टेंबरात सर आले. दारातच थांबले, पिशवी टेबलावर ठेवली.

"राहू दे की सर," मालक म्हणाले.

"न्हाय. आतलं बघा."

"लाजवू नका वो."

"बघितल्याशिवाय मी आत यायचा न्हाय."

मालकांनी सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर. भिंग. घडीची छत्री. एक पेरू. मग त्याच क्रमानं परत आत ठेवल्या. कुणी झुंबराकडं बघितलं नाही. मी तर नाहीच.

सर आत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. समोर एक पितळी दौत होती, जोड-कुप्यांची, झाकणावर मोर. त्यांनी ती न उचलता म्हटलं, "याला बुडाशी चीर हाय."

"सर, तुम्हाला हवी आहे का?"

"न्हाय. चीर हाय म्हणून सांगतोय."

मी दौत उचलली आणि बुडाखालून बोट फिरवलं. चीर होती, केसाएवढी. सरांनी सांगितल्यावर पुन्हा बोट फिरवायला नको होतं, हे ते फिरवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. सर माझ्या बोटाकडंच बघत होते.