बाकावर बसल्याचं वॉरंट

माझ्या फजितीचे किस्से तसे पुष्कळ आहेत. पण ज्यात मला रीतसर अटक झाली, असा एकच! हसू नका. आधी चहा घ्या आणि ऐका.

दोन हजार एकवीसचा जानेवारी. आयर्लंडमध्ये कडक लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे विनाकारण जायचं नाही, असा नियम. आम्ही तेव्हा डब्लिनला सँडीफोर्डमध्ये राहत होतो. मी घरून काम करायचो, म्हणजे पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट चढवून मीटिंगा. बायको मृणाल सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर, ती खरोखरचं काम करायची. आणि आमचे नागरिकत्वाचे अर्ज नुकतेच गेले होते. त्यात एक प्रश्न असतो, तुमच्यावर एखादा खटला, वॉरंट वगैरे आहे का? मी तिथे ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती!

एका सकाळी डोनलचा फोन आला. डोनल म्हणजे आमचे आधीचे घरमालक. सँडीफोर्डला येण्यापूर्वी आम्ही मेनूथला त्यांच्या घरात भाड्याने राहायचो. मेनूथ शेजारच्या किल्डेर काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.

"काल एक गार्ड येऊन गेला तुझी चौकशी करत," डोनल म्हणाले. गार्ड म्हणजे इकडचा पोलीस. "तुझ्या नावाचं बेंच वॉरंट आहे म्हणाला. मी सांगितलं, तो आता डब्लिनला राहतो. आणि हो, तुझी बरीच पत्रं साठलीत इथे प्रेसमध्ये."

प्रेस म्हणजे कपाट, हे मला माहीत होतं बरं का! आयरिश इंग्रजीत मी चांगला मुरलेलो.

"पत्रं टाकून द्या हो, जाहिराती असतील. वॉरंटचं मी बघतो!"

फोन ठेवला तर मृणाल समोर उभी. "कसलं वॉरंट?"

मी खुर्चीत मागे रेललो. मला सगळा उलगडा झाला होता. त्याच आठवड्यात संक्रांत होती आणि मी गाडी काढून मेनूथला आमच्या जुन्या मित्राकडे, नितीनकडे, तिळगूळ द्यायला गेलो होतो. येताना कालव्याकाठी जरा थांबलो. तिथल्या बाकाला लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली, कोणी बसू नये म्हणून. मी ती हळूच वर केली, बसलो, आणि थर्मासमधला चहा प्यायलो. एक बाई कुत्रा फिरवत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की कुत्राही थांबला.

"तिनेच तक्रार केली," मी मृणालला म्हटलं. "बेंच म्हणजे बाक. वॉरंट म्हणजे हुकूम. बाकावर बसल्याचं वॉरंट."

"बाकावर बसलं म्हणून वॉरंट? अरे, एकदा गूगल तरी कर."

"गूगल कशाला? अठरा वर्षं आयटीत काढलीत मी. प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला आमच्याकडे बेंचवर बसवतात. बेंचवर बसण्याचे परिणाम मला कोण शिकवणार?"

"आणि अर्जात 'नाही' लिहिलंयस त्याचं काय?"

"ही काउंटी लेव्हलची बाब आहे गं. बाक किल्डेरचं, वॉरंट किल्डेरचं. आपण राहतो डब्लिनमध्ये. एमएच बारा पासिंगच्या गाडीला चौदावाले विचारतात का?"

"विचारतात," मृणाल म्हणाली. "आजच्या आज पोलीस ठाण्यात जा आणि हे मिटवून ये."

गेलो ना! आणि नुसता नाही, फाइल घेऊन गेलो. फाइलमध्ये काय? कालव्याचा नकाशा. बाकाचा फोटो, नितीनला पाठवून मुद्दाम काढून आणलेला. आणि माझ्या कंबरदुखीबद्दल एक पत्र. ते मृणालने सही करून द्यायला साफ नकार दिला म्हणून मीच लिहिलेलं.

ठाण्यात काचेपलीकडे एक तरुण गार्ड बसली होती. मास्क लावलेला, डोळे मोठे शांत.

"माझं बेंच वॉरंट आहे," मी आवाज खणखणीत ठेवून म्हटलं. "पण त्याआधी तुम्ही माझी बाजू ऐका."

"नाव, जन्मतारीख?" तिने विचारलं. मी दिलं. ती टाइप करू लागली, मी बोलू लागलो.

"हे बघा, मी बसलो हे मान्य. पण पाचच मिनिटं! आणि पट्टी मी फाडली नाही, नुसती उचलली."

तिची बोटं थांबली. "तुम्ही स्वतः उचललीत?"

"हळूच. हा फोटो बघा. बाक एकदम सुरक्षित आहे."

"आणि हे कुठलं बाक, सर?"

"मेनूथचं."

"तुम्ही राहता सँडीफोर्डला. मग मेनूथला कशासाठी गेला होतात?"

"तिळगूळ द्यायला. आमच्या मराठी लोकांत या दिवसांत देतात. तिळाचे लाडू असतात. हे खा आणि गोड बोला, म्हणून सांगायचं."

"अत्यावश्यक काम होतं?"

"आमच्यात हो!"

ती उठून आत गेली आणि तिच्या साहेबांना घेऊन आली. मग आणखी एकजण आला. तिघंही माझा बाकाचा फोटो निरखून बघत होते. मला वाटलं, काय छाप पडलीय! एखाद्या वकिलालाही जमलं नसतं. जोशात मी नकाशाही उलगडला आणि नितीनच्या घरापासून कालव्यापर्यंतचा रस्ता बोटाने दाखवला.

शेवटी साहेब घसा खाकरून म्हणाले, "सर, बेंच म्हणजे न्यायाधीशांचं आसन. न्यायाधीशांनी कोर्टात बसून काढलेलं वॉरंट, ते बेंच वॉरंट. तुम्हाला ऑक्टोबरमध्ये नेसच्या कोर्टात बोलावलं होतं, किल्डेरमध्ये. तुम्ही आला नाहीत."

"कशाबद्दल बोलावलं होतं?"

"गाडी चालवताना हातात मोबाइल."

हात्तिच्या! आत्ता आठवलं. वर्षभरापूर्वी मेनूथच्या चौकात एका गार्डने थांबवलं होतं. त्याने सगळं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाला, "यू आर ग्रँड." मला वाटलं, सोडलं! अहो, इथे ग्रँड म्हणजे काहीही. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. मागून घरी समन्स येणार आहे, हेही त्यातच आलं! आणि ते आलं कुठे? मेनूथला. लायसन्सवरचा पत्ता बदलायचा राहून गेला होता.

मी नकाशाची घडी घातली. तरी क्षीण आवाजात विचारलंच, "आणि ते बाकाचं?"

"बाकाचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, सर," ती गार्ड म्हणाली. "आत्ता तुमच्याकडूनच कळलं."

माणसं भली होती. बाक आणि तिळगूळ दोन्ही एका सक्त समजेवर सोडून दिलं. म्हणाले, वकील गाठा, गुरुवारी सकाळी नऊला इथे या, आम्ही तुम्हाला अटक करून नेसला नेतो. अगदी दाढीकटिंगची वेळ द्यावी तशी अटकेची वेळ दिली.

घरी येऊन सांगितलं. मृणाल ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सोफ्यावर बसली. तोंडावर मास्कचे वळ तसेच होते.

"तिकडे दिवसभर माणसं जगवायची धडपड करते मी," ती म्हणाली, "आणि आपला इथला सगळा संसार तू न विचारता, न वाचता, नुसत्या अंदाजावर पणाला लावतोस."

मी फाइलमधलं कंबरदुखीचं पत्र काढून फाडून टाकलं.

मग तिनेच सगळं हातात घेतलं. वकील तिने शोधला. अर्जाच्या खात्याला खरं काय ते पत्र लिहून कळवलं, मला एक ओळही लिहू दिली नाही. डोनलना फोन करून पत्रं मागवली. देवमाणूस तो, टाकली नव्हती! कोर्टाची सगळी पाकिटं न फोडलेली, जुन्या पत्त्याची. वकील ती बघून खूश झाला. "तुम्ही मुद्दाम टाळलं नाही, याचा हाच पुरावा," म्हणाला. "कोर्टात फक्त 'सॉरी' म्हणा. बाकी एक शब्द बोलू नका."

गुरुवारी अटक झाली. नेसला गेलो. कोर्टात सगळीकडे काचा, सगळ्यांना मास्क. न्यायाधीश पार नैऋत्येच्या केरी काउंटीचे. केरीकडचं बोलणं तुम्ही ऐकलंय का? वाक्य पुढे पळतं आणि शब्द मागे धापा टाकत येतात.

माझं नाव पुकारलं तशी शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "नमस्कार दादा. मी नागपूरची. तुमची दुभाषी."

"माझी?"

"हो ना. ठाण्यातून नोंद आली होती. याला इंग्रजी समजत नाही, मराठी दुभाषा द्या म्हणून."

मला! शाळेत इंग्रजी वक्तृत्वात तीनदा पहिला आलेल्या मला! वकिलाने माझी बाही ओढली, पण उशीर झाला होता. मी ताठ उभा राहून अस्खलित इंग्रजीत सांगितलं, "न्यायाधीश महाराज, मला दुभाष्याची मुळीच गरज नाही. माझ्या इंग्रजीत कसलीही उणीव नाही!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग मास्कच्या आतून, काचेच्या मागून, काहीतरी लांबलचक बोलले. अख्खं कोर्ट हसलं. वकीलही हसला. मीही हसलो.

मग अगदी हळू बाईंकडे झुकलो. "ताई... काय म्हणाले हो?"

"वॉरंट रद्द. मोबाइलचा दंड भरा," ताई म्हणाल्या. "आणि म्हणून राहिले, तुमचं इंग्रजी इतकं फर्स्ट क्लास आहे, तर या बाईंना आता घरी जाऊ द्या."