कुशावर्तानं निवडलेलं

फोन सोपानचा होता, कुशावर्ताच्या धाकट्या भावाचा. "रेखाताई, अक्का गेली," एवढंच तो बोलला आणि मग पलीकडून नुसता दवाखान्याच्या व्हरांड्यातला गलका ऐकू येत राहिला. मी ऑफिसात होते. बसले, उठले, मोरीपाशी जाऊन चहाचे सगळे कप धुऊन काढले, त्यात धुतलेलेही होते. त्याला आता महिना उलटला. पण अजून मला एका जागी बसवत नाही. हिशेब लिहिता लिहिता उठते, खिडकीतून शहागंजच्या बाजारातली गर्दी बघते, परत येते... एक प्रश्न आहे, तो बसू देत नाही. तो तिनंच मला विचारला होता.

माती तपासून देणाऱ्या एका लहानशा खासगी कंपनीत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. मी हिशेबाला, ती गावोगाव मातीचे नमुने गोळा करणाऱ्या फिरतीवरच्या मुलामुलींची प्रमुख. फुलंब्रीच्या पुढं तिचं गाव. वडिलांची मेंढरं, लहानपण सगळं कळपामागं गेलेलं, मग हट्टानं कृषी पदवी घेतलेली. ती खुर्चीवर कधी नीट टेकलीच नाही. बोलताना फिरायची, फोनवर असताना जिने चढायची-उतरायची, डबा खातानासुद्धा एक पाय हलत असायचा. आमचे मालक काझी सर मनानं मोकळे होते, ते म्हणायचे, "कुशाताई, जरा बैठ जाओ, मुझे चक्कर आ रहा है." ती बसायची आणि ते वळले की उठायची.

फिरतीवरच्या लोकांना लॅपटॉप घ्यायचे ठरले तेव्हाची गोष्ट. सरांनी एक मॉडेल पसंत केलं होतं. पातळ, चकचकीत, नव्यातला नवा प्रोसेसर. हातात धरला की ऐट वाटावी असा. कुशावर्तानं तो नमुन्याचा लॅपटॉप घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर आणून ठेवला. "सर, ह्याची रॅम बोर्डालाच चिकटवलेली हाय. कमी हाय ती हाय, पुढं वाढवता येत नाय. आपला नकाशा उघडला, त्यावर शेताची माहिती उघडली की हे गपकन थांबतंय." सर म्हणाले, प्रोसेसर तर सगळ्यात वेगवान आहे. त्यावर ती म्हणाली, "कळप पुढच्या एडक्याच्या चालीनं जात नाय सर. मागं लंगडी मेंढी असली तर तिच्या चालीनं जातो. इथं लंगडी हाय ती रॅम." तिचं म्हणणं होतं की प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, वाचेल त्यात रॅम वाढवायला रिकामी जागा असलेला, मोठ्या बॅटरीचा आणि उजळ पडद्याचा लॅपटॉप मिळतो. सरांना पडद्याचं पटेना. दिसतंय की छान, म्हणाले. त्याच आठवड्यात एक मोठा बागायतदार भेटायचा आहे असं सांगून तिनं सरांना खुलताबादकडं एका शेतात नेलं, मलाही बरोबर घेतलं. भर उन्हाळा. डोक्यावर सूर्य. बांधावर उभं करून तिनं तोच चकचकीत लॅपटॉप उघडून सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, वाचा. सरांनी तो तिरका केला, सरळ केला, डोक्यावरचा रुमाल काढून पडद्यावर धरला, शेवटी सावलीसाठी स्वतःच वाकून त्यात तोंड घातलं आणि हसत सुटले. "अरे, ये तो आईना है! मेरीच दाढी दिख रही है." बागायतदार बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

तिनं निवडलेले लॅपटॉप आले. पडदा उन्हात वाचता यायचा, बॅटरी दिवसभर पुरायची, नकाशे अडत नव्हते. पण ते जड होते. फार जड. मजबूत बांधणी आणि मोठी बॅटरी म्हटल्यावर वजन येणारच, हे तिनं धरलं होतं, पण खांद्याला काय होतं ते धरलं नव्हतं. आमची अश्विनी गावोगाव एसटीनं फिरायची. ती एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, ही वीट घेऊन चार कोस चालून बघा, मग बोला." कुशावर्ताचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचा एक आणि अश्विनीचा एक असे दोन लॅपटॉप पाठीवर टाकून गावाहून ये-जा करू लागली. मी म्हटलं, अगं हे कशाला? म्हणाली, "मला कळाया नको व्हय, किती चूक झाली ते?"

त्यातच तिला धाप लागायला लागली. ऑफिसचा जिना चढताना मधेच थांबायची, भिंतीला हात लावायची. आम्हाला वाटलं, ओझ्यानं. ती पण तेच म्हणायची, हसायची. मग ओझं नसतानाही धाप लागायला लागली. एकदा शहागंजात रस्ता ओलांडून पलीकडं पोचली आणि एका कपड्याच्या दुकानाच्या पायरीवर चक्क बसली. कुशावर्ता आपण होऊन बसली म्हटल्यावर मला भीतीच वाटली. मी तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लहानपणी कधी ताप येऊन सांधे धरले होते, कळपामागं हिंडता हिंडता तो अंगावर काढला होता. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली होती, आणि ते इतक्या वर्षांनी असं बाहेर आलं.

झडप बदलायची होती. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक धातूची, ती जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आणि रक्ताची तपासणी सारखी, खरचटलं तरी जपायचं. दुसरी प्राण्याच्या ऊतींपासून केलेली, तिला ती गोळी कायमची लागत नाही, पण ती झिजते आणि मग पुन्हा ऑपरेशन. वय कमी आहे, धातूचीच घ्या, असं डॉक्टरांचं मत पडलं. पुढचे काही दिवस आम्ही दोघी संध्याकाळी शहागंजात फिरत होतो, हळू, तिला झेपेल तसं, आणि ती बोलत होती. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "धातूची घेतली तर कट्कट् आवाज येतो म्हणत्यात. शेजारी निजणाऱ्या आयला झोप लागायची नाय." मग थोडं पुढं गेल्यावर, "पण दुसऱ्यांदा छाती उघडायची म्हंजे..." मग परत, "माझं काम काट्याकुट्यातलं. बाभळीचा काटा लागला की दवाखाना गाठायचा व्हय?" मी चिडले. म्हटलं, कुशा, हा लॅपटॉप नाही. ती थांबली, माझ्याकडं बघितलं. "ते कळतंय मला. म्हणून तर इतक्या येळा इचार करतेय." तू माझ्या जागी असतीस तर कोणती घेतली असतीस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, धातूची. तिनं मान डोलावली, आणि दुसरी घेतली.

त्यानंतरची वर्षं तिनं अक्षरशः पळवली. काम वाढलं, माणसं वाढली. पुढची खरेदी आली तेव्हा तिनं आधी लॅपटॉप अश्विनीच्या पाठीवर दिला, खाली रस्त्याला फेरी मारून यायला लावलं आणि मगच बाकीचं बघितलं. त्या वेळी बॅटरी थोडी लहान घेतली, वजन कमी केलं. खेड्यापाड्यांतून तिची ओळख झाली होती. दूर कुठं गेलं तरी कुणीतरी विचारायचं, माती नेणारी कुशाताई कशी हाय? ती हातावर ओरखडे घेऊन यायची आणि मला मुद्दाम दाखवायची. बघ, काही झालं नाय.

झडप डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून लवकर झिजली. पुन्हा तीच धाप, पायांना सूज. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. खाटेवर टेकून बसली होती, पायाचं बोट मात्र हलत होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "रेखा, चुकलं का गं माझं?" मी लगेच म्हणाले, नाही गं. ती हसली. "इतकं पटकन बोललीस म्हंजे तू इचारच नाय केलास. नीट इचार कर, मग सांग." मी बरं म्हणाले... सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या दिवशीच सोपानचा फोन आला.

मागच्या रविवारी तिच्या गावी गेले. तिची आई, द्रौपदाबाई, दारातच भेटली. मी ओसरीवर बसायला गेले तर म्हणाली, "बसून काय व्हतंय? चल." आणि चालायला लागलीसुद्धा. सत्तरीची बाई, पदर खोचलेला, बांधावरून अशी झपाझप निघाली की मला पळावं लागलं. मी मागून म्हणत होते, मावशी, थांबा की जरा. ती थांबली नाही, वळूनही बघितलं नाही, चालता चालताच बोलत राहिली. "त्या दिशी सकाळी आपरेशनला न्यायच्या आधी खाटेवरून उतरली. मला म्हणली, आय, चल. माझा हात धरला आन् व्हरांड्यात फेऱ्या माराया लागली. दम लागंना का. नर्स आली, म्हणली, ओ ताई, झोपा, झोपून ऱ्हायचं असतंय. तवा म्हणती कशी, नंतर झोपायचंच हाय की." एवढं बोलून मावशीनं नाक पुसलं आणि चालण्याचा वेग आणखी वाढवला. पुढं मेंढरांचा वाडा दिसत होता. मी चप्पल हातात घेतली आणि मावशीच्या मागं धावले.