ट्रेंटनच्या तळघरात सासऱ्यांची चौकशी

सासरे गेल्यानंतरचं त्यांचं पहिलं श्राद्ध आम्ही वेस्ट विंडसरच्या घरी शनिवारी उरकलं. तिथी खरं तर मंगळवारी होती, पण मंगळवारी नवऱ्याच्या मीटिंगा असतात. व्हिडिओ कॉलवरच्या गुरुजींनी ती मोठ्या मनाने पुढे सरकवली. मागच्या डेकवर पान ठेवलं. कावळा फिरकला नाही, खार आली. गुरुजींनी खारसुद्धा चालवून घेतली. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई पानाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "यांना खीर कधी आवडलीच नाही." पण तोवर नवरा लॅपटॉप मिटत होता आणि मी पुऱ्या तळत होते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला लॅबमधल्या माझ्या हैतीच्या मैत्रिणीने रविवारी दुपारी आम्हाला बोलावलं. त्या दिवसांत त्यांच्या व्होडू समाजात पूर्वजांचा उत्सव असतो. 'गेदे' नावाचे मेलेल्यांचे देव येतात, सगळे मिळून त्यांना खाऊपिऊ घालतात, नाचतात. "सासूला घेऊन ये," ती म्हणाली, "आणि सासऱ्यांचा फोटो आण."

"व्होडू? म्हणजे ब्लॅक मॅजिक!" नवरा उडालाच. "आई, प्लीज, आपण सायंटिफिक माणसं आहोत यार."

या सायंटिफिक माणसाने तीन चांगली घरं केवळ दार दक्षिणेला म्हणून कॅन्सल केली होती.

"मी जाते," आई म्हणाल्या. मी त्यांना आईच म्हणते. "तुमच्या या सोफ्यावर बसून बसून मीच फोटो व्हायची वेळ आलीय."

ट्रेंटनमधल्या एका साध्या घराच्या तळघरात पन्नासेक माणसं जमली होती, काळ्या-जांभळ्या कपड्यांत. भिंतीशी मांडलेल्या चौरंगवजा टेबलावर क्रूस, मेणबत्त्या, प्लास्टरच्या कवट्या, शेंगदाणे, काळी कॉफी आणि मिरच्या घातलेली रमची बाटली. मध्ये सगळ्यांच्या घरच्या गेलेल्यांचे फोटो. आईंनी सासऱ्यांचा फोटो पुढे केला. तो त्यांच्या बँकेतल्या निरोप समारंभाचा होता, कपाळाला आठ्या. कुणी चौकशी केली नाही की तुम्ही कोण, कुठल्या. लोकांनी सरकून जागा केली. एका पन्नाशीच्या बाईंनी आमचे कोट घेतले, केक आणि कॉफी दिली. त्या स्कूल बस चालवतात, मैत्रिणीने सांगितलं.

ढोल सुरू झाले. अर्ध्या तासाने त्याच बाई गदगदा हलायला लागल्या. दोघीचौघींनी त्यांना सावरलं, डोक्यावर उंच काळी हॅट घातली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, तोंडाला पांढरी पावडर फासली. मी आईंचा हात घट्ट धरला.

"घाबरू नको, अंगात आलंय," आई म्हणाल्या. जणू त्या यजमान होत्या आणि मी पाहुणी.

आता त्या बाई राहिल्या नव्हत्या, गेदे आला होता. तो नाकात बोलायचा, कंबर अशी घुसळायचा की मी कॉफीच्या कपात बघायला लागले. एका गंभीर म्हाताऱ्याच्या ताटातला पाव त्याने पळवला. मग माझ्यासमोर थांबला, मान वाकवली आणि हवेत अंगठा फिरवत राहिला. तळघर हसून फुटलं. माझ्या हातात फोन होता. मी ऑफिसची ईमेल बघत होते.

मग तो आईंपुढे झुकला, अगदी अदबीने, आणि काहीतरी विचारलं. मैत्रीण लाजली. "हे मी ट्रान्सलेट करणार नाही." गेदेने कंबरेनेच प्रश्न पुन्हा विचारला. भाषांतराची गरज उरली नाही.

बहात्तर वर्षांची बाई, सोवळ्याओवळ्यातली. आईंनी क्षणभर त्या काळ्या चष्म्यात पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बरे होते. पण घोरायचे फार."

आणि हसल्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा. मी इंग्रजीत सांगितल्यावर बाकीचेही हसले. गेदेने सासऱ्यांच्या फोटोकडे बोट करून विचारलं, याला काय आवडायचं?

"रम," आई म्हणाल्या. "गच्चीवर जाऊन प्यायचे. वाटायचं मला कळत नाही."

त्यांनी स्वतः छोट्या ग्लासात रम ओतली आणि फोटोपुढे ठेवली. मग पदराने डोळे पुसत तिथेच उभ्या राहिल्या. एका अनोळखी म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आमच्यापैकी कुणी ठेवला नव्हता. आम्ही गुरुजी ठेवले होते.

घरी परतलो तेव्हा नवरा दारातच होता. "सो? कल्चरल एक्सपिरियन्स कसा होता?"

"तुझ्या बाबांना भेटून आले," आई म्हणाल्या आणि वर झोपायला गेल्या.

सायंटिफिक माणसाने त्याच संध्याकाळी गुरुजींना फोन लावला आणि शनिवारची उदकशांत बुक केली.

पुढच्या रविवारी मराठी मंडळात एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "काय गं, तुम्ही त्या व्होडूवाल्यांकडे गेला होतात म्हणे?" काकूंच्या इलेक्ट्रिक गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची लटकते, बॅटरीच्या आरोग्यासाठी.

"फूड फेस्टिव्हल होता," मी म्हणाले. इतकी शूर मी.

आईंनी ते ऐकलं. "खोटं बोलतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "श्राद्ध होतं यांचं. छान झालं. जेवणही गरम होतं."

काकू प्लेट घेऊन सरळ पावभाजीच्या रांगेत गेल्या.

डिसेंबरात आई नागपूरला परतल्या. निघण्याआधी त्यांनी मेथीचे लाडू वळले आणि डबा माझ्याकडे दिला, त्या बसवाल्या बाईंसाठी. मैत्रिणीने तो पोचवला आणि मला सांगितलं, बाईंना लाडू आवडले, पण त्या दुपारचं काहीच आठवत नाही. अंगात आलेल्याला आठवत नसतं. मी फोनवर हे आईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "बरंच झालं की गं. घोरण्याचं मी जरा जास्तच बोलले होते."